लिनक्स प्रणालीतील नेटवर्क इंटरफेसचे नामकरण

संगणक ज्या जोडणीमधून इतर संगणकांशी माहितीची देवघेव करतो, त्या जोडणीचे परिचालन प्रणालीला दिसणारे रूप म्हणजे नेटवर्क इंटरफेस होय. तारेचे टोक ज्यात बसते ते कार्ड, बिनतारी संदेश घेणारा भाग किंवा कोणतेही भौतिक रूप नसलेली, निव्वळ आज्ञावलीने निर्माण केलेली जोडणी, या सर्वांना प्रणालीमध्ये एकेक नाव द्यावे लागते. जोडणीला पत्ता नेमून देणे, संदेशांचे मार्ग ठरविणे, बाहेरून आलेला संदेश आत घ्यावा की नाकारावा याचे नियम घालणे ही सर्व कामे त्या नावाच्या आधारे चालतात. लिनक्स या परिचालन प्रणालीत [⟶ संगणक] हे नाव कोणी ठरवावे, केव्हा ठरवावे आणि ते कितपत टिकाऊ असावे यासंबंधी १९९२ पासून सुमारे तीन दशके निरनिराळे उपाय योजले गेले. प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु दूरच्या खोलीत बंदिस्त असलेला सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर संपर्कात येतो की नाही आणि त्याची फायरवॉल योग्य दाराशी उभी आहे की नाही, हे या नावावर अवलंबून असते.

ही नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतील लहान अक्षरे व अंक यांची बनलेली असतात. प्रस्तुत लेखात त्यांतील अक्षरे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. लिनक्सच्या गाभ्यामध्ये, म्हणजे कर्नलमध्ये, नावासाठी १६ बाइटांची जागा राखून ठेवलेली असते व तीपैकी शेवटचा बाइट समाप्तिचिन्हाचा असल्याने नाव १५ अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही. नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम व रिकामी जागा चालत नाही. कर्नल स्वतः मात्र प्रत्येक इंटरफेस एका क्रमांकाने ओळखतो. नाव मुख्यतः माणसांच्या व माणसांनी लिहिलेल्या नियमांच्या सोयीसाठी असते. नामकरणाचा अधिकार अखेर कर्नलबाहेर का गेला, हे या गोष्टीवरून समजते.

पार्श्वभूमी : युनिक्स प्रणालीत प्रत्येक उपकरण फाइलच्या रूपाने दाखविण्याची रीत होती. तबकडी, मुद्रक, टर्मिनल या सर्वांच्या फाइली एका ठरावीक निर्देशिकेत असत व त्यांची नावे बदलणे किंवा एकाच उपकरणाला दोन नावे देणे सोपे होते. नेटवर्क इंटरफेस या रीतीत बसला नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत (१९८३) नेटवर्कसाठी ‘सॉकेट’ ही वेगळी व्यवस्था आली आणि तीत इंटरफेसला फाइल नव्हती, फक्त नाव होते. हे नाव कार्ड चालविणाऱ्या ड्रायव्हरवरून पडे. थ्रीकॉम कंपनीच्या कार्डाला ‘ईसी०’, इंटरलॅनच्या कार्डाला ‘आयएल०’, झेरॉक्सच्या प्रायोगिक ईथरनेटला ‘ईएन०’ आणि संगणकाला स्वतःशीच जोडणाऱ्या अंतर्गत इंटरफेसला ‘एलओ०’. यांतील शेवटचे नाव लिनक्समध्ये आजही केवळ ‘एलओ’ या रूपात टिकून आहे. बीएसडीच्या वंशातील प्रणालींनी ड्रायव्हरवरून नाव देण्याची पद्धत पुढेही चालू ठेवली. तिचा लाभ असा, की नाव पाहताच कार्ड कोणत्या जातीचे आहे हे कळते; तोटा असा, की कार्ड बदलून दुसऱ्या कंपनीचे बसविले तर नावही बदलते आणि ते जेथे जेथे लिहिले असेल तेथे तेथे दुरुस्ती करावी लागते.

लिनक्सने जातीचे नाव न घेता वर्गाचे नाव घेतले. ईथरनेट प्रकारच्या सर्व कार्डांना, मग ती कोणत्याही कंपनीची असोत, ‘ईटीएच’ हा उपसर्ग व त्यापुढे शून्यापासून क्रमांक अशी नावे मिळू लागली : ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ आणि पुढे. ईथरनेट हे तंत्र झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी योजिले व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणले. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून एकोणिसाव्या शतकातील भौतिकीविज्ञांनी कल्पिलेल्या ईथरवरून त्यांनी हे नाव घेतले. मायकेलसन व मॉर्ली यांच्या १८८७ मधील प्रयोगानंतर ज्या माध्यमावरचा विश्वास उडत गेला, त्याचे नाव अशा रीतीने जगातील बहुतेक कार्यालयांच्या तारांना चिकटले. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी दर सेकंदास १ कोटी बिट वेगाच्या ईथरनेटचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रत्येक कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता मिळतो. त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख देतात व उरलेले त्या उत्पादकाने स्वतः वाटावयाचे असतात. हा पत्ता मॅक पत्ता म्हणून ओळखला जातो. नामकरणाच्या इतिहासात त्याचा पुढे अनेकदा आधार घेतला गेला.

आरंभीचा काळ : लिनस टोरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहिण्यास आरंभ केला. १९९२ मध्ये त्यात इंटरनेटचे नियमाचार आले. नेटवर्कचा हा भाग प्रथम रॉस बिरो, नंतर फ्रेड व्हान केम्पेन आणि त्यानंतर अॅलन कॉक्स यांच्या हाती राहिला. ईथरनेट कार्डांचे बहुसंख्य आरंभीचे ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. ते नासाच्या गॉडार्ड केंद्रात काम करीत होते आणि साध्या संगणकांचा समूह जोडून महासंगणकाचे काम करून घेणारी बेओवुल्फ ही योजना १९९४ मध्ये ज्यांनी उभी केली, त्यांत ते प्रमुख होते.

त्या काळच्या घरगुती संगणकातील आयएसए जातीच्या बसवर कोणते कार्ड बसविले आहे हे संगणकाला विचारून कळण्याची सोय नव्हती. कर्नलला ठरावीक पत्त्यांवर एकेक संकेत पाठवून प्रतिसाद मिळतो का ते चाचपावे लागे. ही चाचपणी धोक्याची होती. संकेत भलत्याच उपकरणाला मिळाला तर संगणक जागच्या जागी गोठत असे व स्वस्त म्हणून लोकप्रिय झालेली एनई२००० जातीची कार्डे या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध होती. म्हणून कर्नलच्या मूळ संहितेत ‘ईटीएच०’ ते ‘ईटीएच३’ अशा चार जागा आधीच लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांतील फक्त पहिलीसाठी चाचपणी होई. उरलेल्या तिन्हींच्या पत्त्याच्या रकान्यात ‘चाचपू नये’ अशी खूण होती. एका संगणकात दोन कार्डे बसविणाऱ्याने दुसऱ्याचा पत्ता व खंडक्रमांक कर्नलला आरंभीच सांगावा, अशी अपेक्षा असे. लिलो या आरंभक आज्ञावलीच्या फाइलमध्ये तशी एक ओळ घालावी लागे व तिच्या शेवटी ‘ईटीएच१’ हे नाव असे. पद्धत कष्टाची खरी. पण नाव व वस्तू यांचा संबंध माणसाने स्वतः लिहून दिलेला असल्यामुळे त्यात संदिग्धता नव्हती. पुढील वीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप झाला, ती या आरंभीच्या ओबडधोबड व्यवस्थेत आपोआप साधली होती.

क्रम बिघडण्याचा प्रश्न : १९९२ मध्ये इंटेलने मांडलेली पीसीआय ही बस रूढ झाल्यावर चाचपणीची गरज संपली. प्रत्येक कार्ड आपली ओळख स्वतः सांगू लागले. कर्नल बसवरील खाचा क्रमाने पाही व जे कार्ड आधी सापडेल त्याला लहान क्रमांक देई. एकाच संगणकात दोन वेगळ्या जातींची कार्डे असल्यास त्यांचे ड्रायव्हर ज्या क्रमाने स्मृतीत चढविले जात, त्या क्रमाने नावे मिळत. हा क्रम एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय होती. कर्नलच्या २.४ या मालिकेपर्यंत (२००१) यात फारसे बिघडले नाही.

२.६ मालिका डिसेंबर २००३ मध्ये आली तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या. बसच्या शाखा तपासण्याचा क्रम बदलल्यामुळे काही सर्व्हरांवर दोन्ही कार्डांच्या नावांची अदलाबदल झाली. डेल कंपनीच्या काही सर्व्हरांवर पेटीच्या मागील बाजूस पहिले म्हणून छापलेले छिद्र ‘ईटीएच१’ व दुसरे छिद्र ‘ईटीएच०’ होऊन बसले. जुना क्रम परत मिळावा म्हणून कर्नलमध्ये पुढे एक वेगळा विकल्प द्यावा लागला. दुसरा बदल अधिक मूलभूत होता. उपकरण सापडताच त्याचा ड्रायव्हर आपोआप चढविण्याची पद्धत आली आणि अनेक ड्रायव्हर एकाच वेळी समांतरपणे चढू लागले. आता कोणते कार्ड आधी तयार होईल हे काही सहस्रांश सेकंदांच्या फरकावर ठरू लागले. एकच संगणक, काहीही बदल न करता, आज एका क्रमाने व उद्या दुसऱ्या क्रमाने नावे देऊ शकत होता.

याचे गांभीर्य एका साध्या उदाहरणाने लक्षात येते. कार्यालयाचे अंतर्गत नेटवर्क व बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये दोन कार्डांचा एक संगणक ठेवलेला आहे. ‘ईटीएच०’ बाहेर व ‘ईटीएच१’ आत. फायरवॉलमध्ये नियम आहे, की ‘ईटीएच१’कडून येणारे सर्व काही विश्वासार्ह मानावे. वीज जाऊन आल्यावर नावांची अदलाबदल झाली, तर तोच नियम आता बाहेरच्या जगाला लागू होतो. पत्ते हाताने लिहून दिलेले असतील तर तेही उलटतात आणि संपर्क साफ तुटतो. यात गैरसोय असली तरी दोष लगेच दिसतो. दोन्ही बाजूंचे पत्ते आपोआप मिळत असतील, तर मात्र सर्व कामकाज नेहमीसारखे चालते, कोणी तक्रार करीत नाही आणि उलटलेला नियम तसाच राहतो. या विषयावरील चर्चेत गैरसोयीचीच बाजू जास्त बोलली गेली. वस्तुतः दुसरी शक्यता अधिक घातक आहे.

मॅक पत्त्याचा आधार : पहिला उपाय साहजिकच कार्डावर कोरलेल्या पत्त्याचा होता. ‘नेमइफ’ नावाची एक छोटी आज्ञावली फाइलमधील मॅक पत्ते व नावे यांची यादी वाचून इंटरफेसची नावे बदलीत असे. जाँ तूर्रिल यांच्या ‘इफरीनेम’ या आज्ञावलीत पत्त्याखेरीज ड्रायव्हर, बसवरील स्थान इत्यादी लक्षणेही वापरता येत. रेड हॅट कंपनीच्या वितरणात प्रत्येक इंटरफेसच्या संरचना-फाइलमध्येच मॅक पत्त्याची ओळ घालण्याची पद्धत होती. या सर्व उपायांत एक समान अट होती : नाव बदलण्यासाठी इंटरफेस बंद असावा लागे, म्हणून हे काम संगणक सुरू होताना अगदी आरंभीच उरकावे लागे.

ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये पुढे आणलेल्या ‘यूडेव्ह’ या आज्ञावलीने ही कल्पना सर्वसामान्य केली. कर्नल उपकरण सापडल्याची वार्ता देतो आणि त्याचे नाव काय असावे हे कर्नलबाहेरील नियमांनी ठरते, हे तिचे सूत्र होते. के सीव्हर्स हे तिच्या पुढील विकासातील प्रमुख होते. नेटवर्कसाठी यूडेव्हने अशी युक्ती केली, की एखादे कार्ड प्रथमच दिसले की त्याचा मॅक पत्ता व त्याला मिळालेले नाव यांची नोंद एका नियम-फाइलमध्ये आपोआप लिहिली जाई आणि यापुढे ते कार्ड नेहमी त्याच नावाने ओळखले जाई.

बहुतेकांच्या संगणकांवर ही युक्ती काही वर्षे निमूटपणे चालली. तिचे दोष दोन ठिकाणी उघडे पडले. मोडलेले कार्ड बदलून नवे बसविले, की यूडेव्ह त्याला नवागत समजून ‘ईटीएच१’ हे नाव देई; ‘ईटीएच०’ हे नाव कचऱ्यात गेलेल्या कार्डासाठी राखून ठेवलेले असे. मध्यरात्री सर्व्हरचा मदरबोर्ड बदलणाऱ्या तंत्रज्ञाला संगणक सुरू होऊनही नेटवर्क का मिळत नाही, याचे उत्तर त्या एका फाइलमध्ये शोधावे लागे. आभासी संगणकांचा प्रसार झाल्यावर हाच दोष शेकडो पटींनी वाढला. आभासी संगणकाची प्रत काढली की तिला नवा मॅक पत्ता मिळतो, परंतु नियम-फाइल मूळ संगणकाची असते. परिणामी प्रत्येक प्रतीत ‘ईटीएच०’ गायब. साचा तयार करण्यापूर्वी ती फाइल पुसून टाकणे हा त्या काळी संगणक-व्यवस्थापकांचा एक नित्यविधीच होता. शिवाय मॅक पत्ता एकमेव असतोच असे नाही. सनच्या काही यंत्रांत सर्व कार्डांना मिळून एकच पत्ता असे.

दुसरा दोष खोलवरचा होता. यूडेव्ह ज्या नावांचे वाटप करीत होती, त्याच नावांचे वाटप कर्नलही करीत होता. ‘ईटीएच०’चे ‘ईटीएच१’ करावयाचे तर ‘ईटीएच१’ हे नाव त्या क्षणी रिकामे हवे. पण तेवढ्यात कर्नल नुकत्याच सापडलेल्या कार्डाला ते देऊन मोकळा होई. मग एका कार्डाला तात्पुरते नाव देऊन थांबायचे, दुसऱ्याचे नाव सुटण्याची वाट पाहायची, अशी कसरत चाले व ती कधीकधी अर्ध्यावर फसे. एकाच नामसंग्रहावर दोघांचा ताबा असताना ही स्पर्धा टाळता येत नाही, हे अनुभवांती मान्य झाले आणि नवी नावे जुन्यांपेक्षा दिसण्यातच वेगळी असावीत, असा विचार पुढे आला.

स्थानाचा आधार : शेताची ओळख मालकाच्या नावाने सांगता येते किंवा गट क्रमांकाने. मालक बदलला तरी गट क्रमांक बदलत नाही. मॅक पत्त्यावरील नाव हे पहिल्या प्रकारचे. कार्ड ज्या ठिकाणी बसले आहे त्यावरून दिलेले नाव दुसऱ्या प्रकारचे. स्थानावरून नाव देण्याचा पहिला मोठा प्रयत्न डेल कंपनीच्या ‘बायोसडेव्हनेम’ या आज्ञावलीने केला. मॅट डॉम्श हे तिच्यामागील प्रमुख अभियंता. संगणकाचे बायोस मदरबोर्डवरील छिद्रांचे व खाचांचे क्रमांक एका तक्त्यात देत असते. तो वाचून मदरबोर्डवरील पहिल्या छिद्राला ‘ईएम१’ आणि खाचेतील कार्डाला ‘पी१पी१’, म्हणजे पहिल्या खाचेतील पहिले छिद्र, अशी नावे मिळत. मे २०११ मध्ये निघालेल्या फेडोरा १५ या वितरणात ही पद्धत प्रथमच सर्वसाधारण वापरासाठी आली. पेटीवर छापलेला क्रमांक व पडद्यावरील नाव यांची सांगड प्रथमच बसली, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. तिची उणीव एवढीच, की बायोसने सांगितले तरच तिला काही सांगता येई. जाता जाता नमूद करण्याजोगी बाब अशी, की फ्रीबीएसडी प्रणालीत ‘ईएम’ हे नाव इंटेलच्या एका ड्रायव्हरचे असल्याने दोन्ही प्रणाली हाताळणाऱ्यांची काहीशी गफलत होई.

यूडेव्ह २०१२ मध्ये ‘सिस्टिमडी’ या मोठ्या प्रकल्पात विलीन झाली. लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स हे त्याचे प्रवर्तक. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या १९७ व्या आवृत्तीत ‘पूर्वकथनीय’ नावांची पद्धत समाविष्ट झाली आणि पुढे तीच प्रमाण ठरली. तिच्यात पहिली दोन अक्षरे वर्ग दाखवितात : ‘ईएन’ म्हणजे ईथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे स्थानिक बिनतारी नेटवर्क, ‘डब्ल्यूडब्ल्यू’ म्हणजे दूरसंचार कंपनीचे बिनतारी नेटवर्क. (१९८३ च्या बर्कली युनिक्समधील ‘ईएन’ अशा रीतीने, बहुधा कोणाच्या लक्षात न येता, परतले.) त्यापुढील अक्षर नाव कशावरून पडले ते सांगते. बायोसने मदरबोर्डवरील छिद्राचा क्रमांक दिला असल्यास ‘ईएनओ१’. तो नसून खाचेचा क्रमांक मिळत असल्यास ‘ईएनएस१’. तोही नसल्यास बसवरील भौगोलिक स्थान, उदा., ‘ईएनपी२एस०’ म्हणजे दुसऱ्या बसवरील शून्याव्या जागेचे कार्ड. एका कार्डावर अनेक छिद्रे असल्यास शेवटी ‘एफ’ व क्रमांक येतो. यांपैकी काहीच जमले नाही तर कर्नलने दिलेले ‘ईटीएच०’ तसेच राहते.

मॅक पत्त्यावरून नाव देण्याचा विकल्पही ठेवलेला आहे, परंतु तो सर्वसाधारणपणे वापरला जात नाही. त्यात ‘ईएनएक्स’ या तीन अक्षरांपुढे मॅक पत्त्याचे बारा षोडशमान अंक येतात. तीन आणि बारा मिळून पंधरा. कर्नलने घातलेली मर्यादा काठोकाठ भरते. खिशात घालून कोठेही नेता येणाऱ्या यूएसबी कार्डाला स्थान असे नसतेच, म्हणून डेबियनने आपल्या नवव्या आवृत्तीत अशा कार्डांसाठी हा विकल्प स्वीकारला.

ही पद्धत फेडोराच्या १९ व्या आवृत्तीत (जुलै २०१३), रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाच्या ७ व्या आवृत्तीत (जून २०१४), उबुंटूच्या १५.१० मध्ये (ऑक्टोबर २०१५) आणि डेबियनच्या ९ व्या आवृत्तीत (जून २०१७) आली. डेबियनने आधीपासून चालत आलेल्या संगणकांवरील जुनी नावे अद्ययावत करताना तशीच राहू दिली, ही सावधगिरी योग्य होती.

आक्षेप : नव्या नावांना झालेला विरोध तीव्र होता आणि तो सर्वस्वी सवयीपोटी होता असे म्हणता येणार नाही. घरगुती संगणकात बहुधा एकच कार्ड असते. अशा ठिकाणी ‘ईटीएच०’ हे नाव चुकण्याची शक्यताच नव्हती. वीस वर्षांच्या पुस्तकांत व पाठांत छापलेले हे नाव जाऊन प्रत्येक संगणकावर निराळे नाव आले आणि एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालेनाशी झाली. एका संगणकापुरते नाव स्थिर झाले; परंतु दोन संगणकांत समान असण्याचा गुण गेला. ‘पूर्वकथनीय’ या विशेषणालाही हरकत घेतली गेली, कारण संगणक उघडून पाहिल्याशिवाय किंवा सुरू केल्याशिवाय त्याचे पूर्वकथन सामान्य माणसाला करता येत नाही. ‘स्थिर’ हा शब्द अधिक प्रामाणिक झाला असता.

स्थिरतेलाही मर्यादा आहेत. बसचे क्रमांक संगणक सुरू होताना मोजणीने ठरतात. एखादे नवे चित्रकार्ड किंवा साठवण-कार्ड आधीच्या खाचेत बसविले की मागच्या बसचा क्रमांक एकाने वाढतो आणि ‘ईएनपी३एस०’चे ‘ईएनपी४एस०’ होते. गट क्रमांकही फेरमोजणीत बदलतो, तसाच हा प्रकार. बायोसने दिलेली माहिती चुकीची असली तर नावही विचित्र येते. व्हीएमवेअरच्या आभासी संगणकांवर रेड हॅट व सेंटओएस यांची सातवी आवृत्ती चढविणाऱ्यांना ‘ईएनओ१६७७७७३६’ हे नाव अनेक वर्षे भेटत राहिले. मदरबोर्डवर दीड कोटींहून अधिक छिद्रे आहेत असा त्याचा शब्दशः अर्थ. पुढे सिस्टिमडीने १६,३८३ पेक्षा मोठे क्रमांक अविश्वसनीय मानण्यास सुरुवात केली.

आणखी एक अडचण नियमांमधूनच निर्माण झाली. नाव ठरविण्याचे नियम सुधारले, की त्या सुधारणेनेच नावे बदलतात. यावर डिसेंबर २०१८ मधील २४० व्या आवृत्तीत असा तोडगा काढला गेला, की नियमांच्या प्रत्येक संचाला आवृत्तीचा क्रमांक असावा आणि वितरणाने किंवा व्यवस्थापकाने एखादा जुना संच पक्का करून ठेवावा.

प्रचलित रीती : नवी पद्धत नको असल्यास कर्नल सुरू करताना ‘नेट.इफनेम्स=०’ हा शब्द द्यावा, म्हणजे ‘ईटीएच०’ परत येते; बायोसडेव्हनेम स्थापित असल्यास तिलाही तसेच वेगळे बंद करावे लागते. एकच कार्ड असलेल्या आभासी संगणकांसाठी पुष्कळ व्यवस्थापक हेच करीत आले. एकाहून अधिक कार्डे असतील तर मात्र हा मार्ग जुन्या अनिश्चिततेकडे परत नेणारा आहे व तो टाळणे श्रेयस्कर.

अधिक चांगला मार्ग स्वतः नाव ठेवण्याचा होय. सिस्टिमडीच्या ठरावीक निर्देशिकेत ‘.लिंक’ या प्रत्ययाची फाइल लिहितात. तिच्या ‘मॅच’ या पहिल्या विभागात इंटरफेस ओळखण्याचे लक्षण, म्हणजे मॅक पत्ता, बसवरील मार्ग किंवा ड्रायव्हर, आणि ‘लिंक’ या दुसऱ्या विभागात हवे ते नाव असते. अशा अनेक फाइलींपैकी नावाच्या वर्णक्रमाने पहिली जुळणारी फाइलच लागू होते, म्हणून फाइलच्या नावाच्या आरंभी लहान अंक घालण्याची प्रथा आहे. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. नवे नाव ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ या साच्यातील नसावे, नाहीतर कर्नलशी होणारी जुनी स्पर्धा पुन्हा सुरू होते. ‘बाहेर०’, ‘आत०’ अशा अर्थाची रोमन नावे उत्तम, कारण मग फायरवॉलचा नियम वाचताच त्याचा हेतू कळतो. दुसरे असे, की पुष्कळ वितरणांत यूडेव्ह संगणकाच्या आरंभिक स्मृति-प्रतिमेतूनच कामास लागते. फाइल बदलल्यावर ती प्रतिमा पुन्हा बनविली नाही तर बदल लागू होत नाही, आणि दूरवरून हाताळलेल्या सर्व्हरवर हे पुढच्या वेळी तो सुरू केल्यावरच उघडकीस येते.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या कर्नलच्या ५.५ आवृत्तीत यिर्झी पिर्को यांच्या प्रयत्नाने पर्यायी नावांची सोय झाली. मुख्य नाव पूर्वीप्रमाणे पंधरा अक्षरांचेच राहिले. पण त्याखेरीज एका इंटरफेसला १२७ अक्षरांपर्यंतची कितीही अन्य नावे देता येऊ लागली आणि आज्ञांमध्ये त्यांपैकी कोणतेही वापरता येते. खाचेवरून, मार्गावरून व मॅक पत्त्यावरून पडलेली नावे आता एकाच वेळी नांदू शकतात. फाइलरूपी उपकरणांना युनिक्समध्ये आरंभापासून मिळालेली ही सवलत नेटवर्क इंटरफेसला मिळण्यास एवढी वर्षे लागली.

हा प्रश्न लिनक्सपुरताच नव्हता. सनची सोलारिस प्रणाली बीएसडीप्रमाणे ड्रायव्हरवरून नावे देत असे. २०११ मधील सोलारिस ११ मध्ये ती सोडून ‘नेट०’, ‘नेट१’ अशी वर्गवाचक नावे स्वीकारली गेली. म्हणजे सोलारिस जेथे पोहोचले, तेथून लिनक्स दोनच वर्षांनी निघाले. यातील मेख अशी, की सोलारिसमध्ये नाव व यंत्रसामग्री यांचा संबंध प्रणाली स्वतः लिहून ठेवते आणि व्यवस्थापकाला तो एका आज्ञेने बदलता येतो.

‘ईटीएच०’ हे नाव मात्र नाहीसे झालेले नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांच्या वितरणात व अनेक राउटरांत तेच राहिले. नवी पद्धत प्रसृत झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०१३ मध्ये, डॉकर ही आज्ञावली लोकांसमोर आली. ती प्रत्येक उपयोजनाला कर्नलच्या एका अलग नामक्षेत्रात बंदिस्त करते, त्या क्षेत्राला आभासी तारेने बाहेरच्या यंत्राशी जोडते आणि तारेच्या आतील टोकाला ‘ईटीएच०’ असे नाव देते. आत कार्ड एकच असल्यामुळे तेथे क्रम बिघडण्याचा प्रश्न येत नाही.